पिंपातले शेवटचे वीतभर पाणी

"मामू, ताप उतरला. उद्यापासून ड्युटीला जातो."

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री भाच्याचा हा फोन आला आणि माझा जीव भांड्यात पडला. उदगीरहून चाकणला कामाला आलेला हा पोरगा चार दिवस खोलीवर तापाने फणफणत पडून होता. मेडिकलवाल्याने दिलेल्या अंगदुखीच्या गोळ्या खात होता. मी लगेच आपाला फोन करून सांगितले, "काळजी करू नको, बरा झालाय." दुसऱ्या दिवशी दुपारी तो कारखान्यात मशीनजवळ उभ्या-उभ्या कोसळला. हातपाय बर्फासारखे गार, पोटात असह्य कळा, हिरड्यांतून रक्त. अंगात ताप मात्र नव्हता.

तो वाचला. जिवावरचे दुखणे आपाच्या दोन बांगड्यांवर निभावले. सात दिवस एका खासगी दवाखान्यात काढून तो बाहेर पडला, तोवर ठेकेदाराने खाडे मोजून त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा केला होता. डेंग्यूची ही गोष्ट भोसरी, चिखली, कुदळवाडी, कुरुळी, महाळुंगे अशा कुठल्याही वस्तीत ऐकायला मिळेल. त्यात नवे काही नाही. तरीही ती संपादकीयात सांगतो आहे, कारण तिच्यात दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत आणि त्या चुका आपल्यापैकी बहुतेक जण करत असणार.

पहिली चूक म्हणजे ताप उतरला की माणूस बरा झाला, असे मी मानले. डेंग्यूमध्ये नेमके उलटे होऊ शकते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि काही रुग्णांत त्याच सुमारास रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो, अवयवांना रक्त पुरत नाही. म्हणून ताप उतरल्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत जास्त लक्ष ठेवण्याचे. पोटात जोराचे दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, रुग्ण एकदम सुस्त किंवा अस्वस्थ होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. रुग्णालय गाठायचे.

आणि त्या गोळ्या! डेंग्यूच्या विषाणूवर थेट मारा करणारे औषध अजून उपलब्ध नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात, आणि भरपूर द्रवपदार्थ, म्हणजे ओआरएस, पेज, सरबत, नारळपाणी, एवढाच घरचा उपचार. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण ज्याला उद्या पाळीवर जायचेच आहे, तो 'लगेच उभे करणारी' गोळी मागतो आणि मेडिकलवाला ती देतो. भाच्याने तेच केले.

प्लेटलेटविषयीही एक शब्द. आपल्याकडे रुग्णाच्या नातेवाइकांचा सगळा जीव त्या एका आकड्यात अडकलेला असतो. आकडा पन्नास हजारांवर आला की रक्तदात्यांसाठी व्हॉट्सॲपवर धावाधाव सुरू होते, बकरीच्या दुधाचा भाव चढतो, पपईची पाने शोधली जातात. प्रत्यक्षात रक्तस्राव नसेल, तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवण्याची गरज सहसा पडत नाही. रक्त किती घट्ट होते आहे, रक्तदाब किती आहे, लघवी होते आहे का, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे. डॉक्टरांना ते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता दुसरी चूक. भाच्याच्या खोलीवर मी आधी तीन-चार वेळा गेलो होतो. दहा बाय दहाची खोली, सहा पोरे, दोन पाळ्या. दाराशी प्लॅस्टिकचे निळे पिंप. ते मी दर वेळी पाहिले होते, पण त्यात कधी डोकावलो नव्हतो. तो दवाखान्यात असताना कपडे आणायला गेलो, तेव्हा मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिले. तळाशी वीतभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी त्याच्या खोलीतल्या मित्राला म्हणालो, "हे ओतून का देत नाही रे?" तो म्हणाला, "चाचा, शेवटचं पाणी कधी ओतत नाही आम्ही. उद्या पाणी आलंच नाही तर?"

त्या वाक्याने मला गप्प केले. घरी नेहरूनगरला आलो आणि आधी गच्चीवर गेलो. आमच्या पिंपातही तेच वीतभर पाणी होते आणि त्यातही अळ्या होत्या. मी सभांमधून आरोग्यावर भाषणे देणारा माणूस!

या वीतभर पाण्यातच आपल्या शहराच्या आजाराचे मूळ आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही विषाणू आपल्याकडे मुख्यतः एकाच डासामार्फत पसरतात, तो म्हणजे एडिस इजिप्ती. अंगावर पांढरे-काळे पट्टे असलेला हा डास गटारात वाढत नाही. त्याला तुलनेने स्वच्छ, साठवलेले, स्थिर पाणी लागते. मादी अंडी पाण्यात नाही, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. आणि हा डास फार लांबचा प्रवासी नाही. आयुष्यभरात तो सहसा जन्मठिकाणापासून काहीशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच गल्लीत, बऱ्याचदा आपल्याच घरात जन्मलेला असतो.

या डासाची आणखी एक सवय आपल्या औद्योगिक पट्ट्यासाठी फार घातक आहे. तो दिवसा चावतो. सकाळचे काही तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास हा त्याचा जोर. मच्छरदाणी रात्री लावायची, हे आपण मलेरियाकडून शिकलो. पण इथे रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी सात वाजता डोळे मिटतो. नेमकी तीच या डासाची चावायची वेळ. चाकण-भोसरीच्या खोल्यांत एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा पडतो. त्यात एडिसची मादी एकाच माणसाचे रक्त पोटभर पीत नाही. थोडे इथे, थोडे तिथे असे करत ती एका खोलीतल्या तीन-चार जणांना चावू शकते. एका पोराला ताप आला की आठ-पंधरा दिवसांत तीच खोली किंवा शेजारची खोली का पडते, याचे हे कारण आहे. दिवसा झोपणाऱ्याने दिवसा मच्छरदाणी लावायची, ही साधी गोष्ट या पट्ट्यात अजून कोणी मोठ्याने सांगितलेली मी ऐकली नाही.

पण मच्छरदाणीच्या आधी पिंप आहे आणि पिंपाच्या आधी नळ आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. समन्यायी वाटपासाठी काही काळापुरती केलेली ही सोय पुढे शहराची सवय होऊन बसली. जिथे पाणी दिवसाआड येते, तिथे प्रत्येक घराला किमान दोन दिवसांचे पाणी साठवावेच लागते. बंगल्यात आणि सोसायटीत ते जमिनीखालच्या बंद टाकीत साठते. चाळीत आणि झोपडपट्टीत ते पिंप, हंडे, बादल्या, सिमेंटची टाकी यांत साठते, अनेकदा उघड्यावर. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघर येतात, अळ्या सापडल्या की नोटीस देतात, दंड करतात. बांधकामांनाही करतात. ते त्यांचे काम आहे आणि त्यांना दार उघडणे हे आपले काम आहे. पण अळीचा दंड घेणाऱ्या यंत्रणेला एक प्रश्न विचारायलाच हवा. हे पिंप आम्ही हौसेने ठेवले आहे का?

शहराचे मुख्य पाणी पवना धरणातून येते. ते नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचते आणि तिथून उचलले जाते. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. आपल्या नळाच्या पाण्यामागे एवढा इतिहास आहे. तेव्हा 'वाट्टेल तिथून पाणी आणा' अशी मागणी मी करणार नाही. जे पाणी शहरात येते, त्याची गळती किती, अनधिकृत जोडण्या किती, कुणाला पूर्ण दाबाने मिळते आणि कुणाला अर्धा तास, याचा प्रभागवार हिशेब मागतो. डेंग्यूच्या रुग्णांचा नकाशा आणि पाणी कमी येणाऱ्या वस्त्यांचा नकाशा पालिकेने एकमेकांवर ठेवून पाहावा. दोन्हींची माहिती तिच्याकडेच आहे. फक्त एक आरोग्य विभागाच्या कपाटात आहे आणि दुसरी पाणीपुरवठा विभागाच्या.

चाकणची स्थिती आणखी अवघड. कारखान्याच्या आवारात एमआयडीसीचे पाणी पोहोचते. आवाराबाहेर, जिथे कामगार राहतो तिथे, कुठे नगरपरिषद, कुठे ग्रामपंचायत, कुठे खोलीमालकाची बोअर आणि बाकी टँकर. भामा-आसखेड धरण याच खेड तालुक्यात आहे. त्याचे पाणी २०२१पासून पुण्याच्या पूर्व भागापर्यंत जाते. नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी या नावांपुढे 'वाडी' असली तरी तिथे आता शहराएवढी गर्दी आहे. धुराची फवारणी कोणी करायची, अळ्या कोणी शोधायच्या, रुग्ण कोणी मोजायचे, यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, नगरपरिषद, एमआयडीसी असे चार दरवाजे आहेत आणि कामगार चारही दरवाज्यांबाहेर आहे. त्याचे मतदान बहुधा उदगीरला, नांदेडला किंवा गोरखपूरला. ज्याचे मत इथे नाही, त्याचा ताप इथल्या कोणाच्याच हिशेबात येत नाही.

रुग्ण मोजण्याचा मुद्दा आला म्हणून सांगतो. २०२३मध्ये देशात डेंग्यूच्या २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्णांची आणि ४८५ मृत्यूंची सरकारी नोंद झाली. २०२४मध्ये जगभरातल्या नोंदींनी १ कोटी ४० लाखांचा आकडा ओलांडला. पण आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात निश्चित रुग्ण म्हणून एलायझा पद्धतीच्या चाचणीत सापडलेलाच धरला जातो. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये पट्टीवर झालेली झटपट तपासणी त्यात येत नाही. माझा भाचा त्या यादीत असेल, असे मला वाटत नाही. म्हणून आपल्याला शक्य असेल तेव्हा सरकारी तपासणी करून घ्यावी. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही तपासणी उपयोगाची. दुसऱ्या तपासणीचे संच देशभर पुरवणारी संस्था आपल्या शेजारीच पुण्यात आहे. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. जगाला माहीत असलेली प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर आणि आपण अंगदुखीच्या गोळीवर!

डेंग्यूची भीती आपल्याला आहे, चिकुनगुनियाला मात्र आपण 'सांधेदुखीचा ताप' म्हणून सोडून देतो. टांझानियाच्या मकोंडे भाषेतला हा शब्द, अर्थ वेदनेने वाकवणारा. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षे तो जणू नाहीसाच झाला. लोक विसरले, डॉक्टर विसरले. आणि २००५च्या अखेरीस तो परतला. २००६च्या सुरुवातीला मालेगावात हजारो लोक आजारी पडले, यंत्रमागावर बसणाऱ्या हातांना धागा धरवेना. त्या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्यातल्या संस्थेने विषाणू तपासला, तेव्हा तो जुन्या साथीतला नसून आफ्रिकी वंशाचा निघाला. २०२४च्या पावसाळ्यात पुणे परिसराने पुन्हा त्याचा फटका सोसला. या आजाराने माणूस सहसा मरत नाही, पण सांधे आठवडेच्या आठवडे, काहींचे कित्येक महिने दुखत राहतात. जो दिवसभर नट आवळतो, वायरिंगच्या जुडग्या बांधतो, प्रेसमधून पत्रा काढतो, त्याच्या बोटांनी दोन महिने संप केला तर काय होते, हे आकडेवारीत दिसत नाही. ते घरात दिसते.

झिका बायकांच्या बाबतीत जास्त क्रूर आहे. १९४७ साली युगांडातल्या एका जंगलाच्या नावाने ओळखला गेलेला हा विषाणू महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडला तो जुलै २०२१मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, बेलसर गावी. २०२४मध्ये पुण्यात सापडलेल्या रुग्णांत गरोदर स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. बहुतेकांना झिकाचे लक्षणच दिसत नाही किंवा किरकोळ ताप-पुरळ येऊन जाते. पण गर्भापर्यंत तो पोहोचला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ब्राझीलने २०१५-१६मध्ये ते हजारो घरांत पाहिले. लैंगिक संबंधातूनही तो पसरतो, म्हणून गरोदर पत्नीची काळजी ही पतीचीही जबाबदारी आहे. आता विचार करा. दिवसभर घरात कोण असते? पाणी कोण भरते, पिंपाशी कोण वाकते? दिवसा चावणारा, घरात वाढणारा डास सर्वांत आधी कोणाला गाठतो? आमच्या वस्त्यांत गरोदर सुनेला ताप आला तर 'बघू उद्या' म्हणण्याची रीत आहे. ती सोडावी लागेल.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. या पट्ट्यातल्या भंगाराच्या धंद्यात मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. कारखान्यांचे टाकाऊ प्लॅस्टिक, पिंपे, टायर, पत्रा याच हातांनी वेगळे होऊन पुन्हा कारखान्यांत जाते. शहर स्वच्छ राहते त्यात या लोकांचा वाटा आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी धन्यवाद देत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये कुदळवाडी-चिखली परिसरात महापालिकेने चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. त्या कारवाईतले न्याय-अन्याय हा स्वतंत्र लेखाचा विषय. इथे एवढेच म्हणतो की भंगार पाडून नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या उघड्या जागेवर जाते आणि उघड्यावरच्या टायरात पाऊस साठतो. जुना टायर हे डासासाठी किती सोयीचे वाहन आहे, याचा पुरावा जगभर आहे. आशियातला वाघ्या डास १९८५च्या सुमारास अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्थिरावला, तो आयात केलेल्या जुन्या टायरांतून.

मग आपण काय म्हणायचे? एखाद्या आजाराला एका समाजाचे नाव चिकटवले की काय होते, हे आपण २०२०मध्ये सोसले आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना बळीचा बकरा केल्याचे नोंदवले, तेव्हा कुठे जखमेवर फुंकर बसली. म्हणून 'भंगारवाल्यांमुळे डेंग्यू' असे कोणी म्हटले की आपण चिडतो आणि ते चिडणे रास्त आहे. पण त्या रागाआड आपल्या गोदामातला टायर लपवता येणार नाही. टायर छपराखाली ठेवणे, ते जमत नसेल तर ताडपत्रीने झाकणे, पिंपे उपडी रचणे, हे गोदाम चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्या टायराशेजारी सर्वांत आधी झोपतो तो आपलाच कामगार.

मशिदींचेही तसेच. वुजूचा हौज, वरची टाकी, कूलर, आवारातले माठ, कब्रस्तानात पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची भांडी, ही सगळी पाणी साठण्याची ठिकाणे आहेत. मुंबईत डॉ. बेंटली यांनी १९११ साली मलेरियाच्या चौकशीनंतर घरगुती विहिरी बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा पारशी आणि हिंदू घरमालकांनी धर्माचे कारण देऊन हरकत घेतली होती. पुढे काही विहिरींवर जाळीची झाकणे बसवून मार्ग काढला गेला. श्रद्धेच्या पाण्याला झाकण लावता येते, हे मुंबईने शतकापूर्वी करून दाखवले. आपण तर पाकीला इमानाचा भाग मानणारे लोक. हौजात गप्पी मासे सोडा, टाक्यांना झाकणे लावा, आणि पावसाळ्यातल्या एका जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाच मिनिटे ताप उतरल्यानंतरच्या धोक्यावर बोलावे. त्या पाच मिनिटांनी एखादा जीव वाचेल.

वस्तीत धूर मारणारी गाडी आली की आपल्याला काम झाल्यासारखे वाटते. नगरसेवकाकडे आपली पहिली मागणीही तीच असते. धुराने त्या क्षणी उडणारे काही डास मरतात. पिंपातल्या अळीला काही होत नाही, आठवड्यात नवी पिढी हजर. ऑगस्ट २०२४मध्ये डेंग्यूच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, ही आशेची गोष्ट आहे. पण ती उद्या आली तरी चिकुनगुनिया आणि झिका राहतीलच. डेंग्यूचेही चार प्रकार आहेत. एकदा झालेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. 'आम्हाला होऊन गेला, आता भीती नाही' हा समज धोक्याचा आहे.

माझी सूचना साधी आहे. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तोच आपला कोरडा दिवस करू या. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामे करून आतून घासले, तर अंड्याचा डास होण्याआधीच साखळी तुटते. पिंपाला कापड घट्ट बांधा. फ्रिजमागचा ट्रे, कूलर, कुंड्यांच्या ताटल्या त्याच दिवशी पाहा. मशीद, मंदिर, बुद्ध विहार, गणेश मंडळ सगळ्यांनी एकाच दिवशी केले तर गल्ली वाचते, कारण शेजाऱ्याच्या पिंपातला डास माझ्या घरात येतो. खोलीत एकाला ताप आला तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा.

कामगार मित्रांनी आणखी एक करावे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू होते. पगारातून ते कापले जात असेल तर आपला नंबर ठेकेदाराकडून मागून घ्या. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के पगार मिळण्याचा हक्क आहे. माझ्या भाच्याचा नंबर होता. तो त्याला कधी कोणी सांगितला नव्हता आणि त्याने विचारला नव्हता.

आणि महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायती, एमआयडीसी या सगळ्यांकडे मागणी एकच. पाण्याचे वेळापत्रक पाळा. रोज देता येत नसेल तर ज्या दिवशी देणार म्हणालात त्या दिवशी, त्या वेळी द्या. झाकणाची पिंपे वस्त्यांत द्या. चाकणच्या वाड्यांसाठी डास आणि ताप यांची जबाबदारी कोणा एका कार्यालयाकडे ठरवून द्या.

भाचा आता दुसऱ्या कंपनीत आहे. खोलीतल्या सहाही पोरांनी गुरुवारचे पिंप घासायला सुरुवात केली आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामू, काल सगळं पाणी ओतलं, पिंप घासलं. आज टँकर आलाच नाही. दोन जार विकत आणले." मी म्हटले, "पुढच्या गुरुवारीही ओता." तो हो म्हणाला. पण त्या दोन जारचे पैसे त्याने का भरावेत, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते उत्तर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या दारात आपण सगळ्यांनी मिळून जायचे आहे. रिकामे, घासलेले पिंप सोबत घेऊन.